केराबाईचे मालक

सात नंबरच्या खोलीच्या दारात पुरुषाच्या चपला होत्या.

टायरच्या, जाड, दहा नंबरच्या तरी असाव्यात. अंगठ्याच्या जागी चांगला खड्डा पडलेला. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आमच्या आवारात परवानगीवाचून पुरुषानं पाऊल टाकायला सक्त मनाई होती. मी हातातलं हजेरीचं रजिस्टर काखेत मारलं आणि दार वाजवलं.

"केराबाई, दार उघडा."

"आंगुळीला निगालेव, म्याडम."

"आधी दार उघडा."

कडी निघाली. केराबाई दारात उभी होती. पन्नाशीची, काटक बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळ्या मण्यांची भरघोस पोत. तिला बाजूला सारून मी आत गेले. कॉटखाली वाकून पाहिलं, दाराआड पाहिलं, मोरीतही डोकावले. खोलीत माझ्या आणि तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटणं यालाच म्हणत असावेत.

"या चपला कुणाच्या?"

"मालकांच्या."

"कोण मालक?"

"आता ऱ्हावा! आमचं मालक. घरधनी."

"कुठायत ते?"

"गाडीवर असत्यात. ट्रक चालिवत्यात नव्हं का. हैद्राबादला गेल्यात."

"आणि चपला इथं?"

"दोन जोड हायत त्यांस्नी," केराबाई म्हणाली आणि बादली उचलून आंघोळीला गेली.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात एका बंद पडलेल्या गिरणीच्या कामगार चाळी दुरुस्त करून एका संस्थेनं 'ओसरी महिला निवास' काढला होता. रस्त्यावर, स्टँडवर राहणाऱ्या बायकांसाठी. रात्रीपुरतं छप्पर देणारे निवारे तोवर होते. इथं तसं नव्हतं. प्रत्येकीला स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. दवाखाना, आधार कार्ड, पेन्शनचे कागद, सगळ्याला मदत. राहा हवे तितके दिवस. खोल्या चौदा आणि त्यांच्यासाठी टपून बसलेल्या बायका शंभरच्या वर. म्हणून अट कडक होती: बाई एकटी आणि निराधार हवी. पहिले तीन महिने कच्चा प्रवेश, मग समिती येऊन भेटणार, आणि तिनं मान हलवली की खोली कायमची.

मी तिथली व्यवस्थापिका. त्याआधी बावीस वर्षं रेशनच्या कचेरीत होते आणि बोगस कार्डं पकडणं हा माझा हातखंडा होता. वारलेले सासरे, न जन्मलेली पोरं, परगावी नांदणाऱ्या मुली, अशी शेकडो माणसं मी कार्डांवरून खोडली. लोक मला तोंडावर कोरेमॅडम म्हणत. माघारी काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. निवृत्तीनंतर स्वभाव थोडाच निवृत्त होतो? मला देव जरी भेटला असता तरी मी आधी त्याचा रहिवासी दाखला मागितला असता.

त्या दिवशी मी कपाटातून केराबाईची फाईल काढली. सर्व्हेवाल्या पोरीनं तिला स्टँडवर पाहिलं होतं आणि 'एकल महिला' असं लिहून टाकलं होतं. नवऱ्याचा रकाना कोरा. तिला विचारलंच नव्हतं, हे उघड होतं. मी केराबाईला ऑफिसात बोलावलं.

"मालकांचं नाव काय तुमच्या?"

"अगं बाई! नाव कसं घ्यू?"

"कागदावर लिहायचंय. कुणाला सांगणार नाही मी."

"तरी बी. आमच्यात न्हाई घेत."

"बरं. गाडी कुठली चालवतात?"

"सुरतेची लाईन हाय."

"सकाळी हैद्राबाद म्हणालात."

"गाडीचं काय सांगावं, म्याडम? माल भरंल तिकडं."

उत्तरं तिच्या जिभेवर तयार असायची. खोटं बोलणाऱ्याची उत्तरं अशीच असतात; खऱ्या माणसाला आठवावं लागतं. पाणी कुठंतरी मुरतंय, याबद्दल मला शंका उरली नाही.

मग मी पाळतच ठेवली म्हणा ना. दर सोमवारी आणि गुरुवारी केराबाईच्या दोरीवर पुरुषाचा खाकी शर्ट वाळत असे. धुऊन, पिळून, बाह्या झटकून. जेवायच्या पंगतीत ती बायकांना सांगे, "आमच्या मालकांस्नी वांगं चालत न्हाई." कुणी दाराशी जरा मोठ्यानं बोललं की म्हणे, "हळू बोला, मालक आलं तर डोकं फिरंल त्यांचं. लई तापट." आणि हे सगळं बोलताना चेहऱ्यावर काय तोरा! माझे यजमान जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, ते असतानाही मी इतक्या तोऱ्यात त्यांचं नाव काढल्याचं मला आठवत नाही.

केराबाई रोज दुपारी हैद्राबाद नाक्यावरच्या एका खानावळीत भाकरी थापायला जायची. एके दिवशी मी रिक्षा करून तिच्या मागं गेले. ती मागच्या चुलीपाशी गेल्यावर मी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "या बाईंचे मालक येतात का हो इथं?"

"येतेत की अधनंमधनं. ट्रकवर हायत."

"तुम्ही पाहिलंय?"

तो थांबला. "मी न्हाई बा पाहिलं. पण हायत. समद्यांना म्हाईत हाय. तापट माणूस हाय म्हणं. म्हणून तर तिच्या वाटंला कुणी जात न्हाई."

शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं. त्याचं तेच. चहावाल्याचं तेच. सगळ्या नाक्याला केराबाईचा नवरा माहीत होता आणि एकानंही त्याला पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हा गडी चांगलाच पोचलेला दिसतोय. कुठंतरी दडून बसलाय, बायकोला फुकटात खोली मिळवून दिलीये, आणि एकदा का ती कायम झाली की हा बिछाना घेऊन दारात हजर.

तरी मी एक वाट ठेवली होती. समितीच्या आदल्या आठवड्यात मी तिला सरळच विचारलं, "केराबाई, नवऱ्यानं टाकलंय असं असेल तर तसं सांगा. परित्यक्तांनाही खोली मिळते. मी लिहिते तसं."

केराबाई ताडकन उठली. "मला कशापायी टाकतील? काय वंगाळ केलं मी? ते हायत. पायजे तवा येतील. असलं अभद्र लिव्हू नगा."

"मग खोली जाईल."

ती दारात थांबली. तिचा आवाज खाली आला. "म्याडम, त्या खोलीला आतनं कडी हाय. अकरा वर्सांत पयल्यांदा म्या आतनं कडी लावून निजलेव. ती खोली तेवढी काढू नगा."

"मग खरं सांगा."

"खरंच सांगतेव," केराबाई म्हणाली. "हायत ते."

मी अहवाल लिहिला. 'सदर महिला विवाहित असून पती हयात आहेत. माहिती दडवली आहे. प्रवेश रद्द करावा.' खाली सही केली. बावीस वर्षांत हजारदा केली तशीच.

शनिवारी सकाळी अकराला समिती आली. अध्यक्ष मुंदडासाहेब आणि आणखी दोघं. हॉलमध्ये टेबलं मांडली होती. पंखे बसवायला आलेले दोन वायरमन शिडीवर होते, साहेबांचा ड्रायव्हर दाराला टेकून उभा होता. अहवालांची चळत मी मुंदडासाहेबांच्या हातात दिली आणि चहा सांगायला स्वयंपाकघरात गेले.

तिथं नरसव्वा लसूण सोलत बसली होती. नरसव्वा आमच्याकडची सगळ्यात म्हातारी, जन्मभर विड्या वळलेली तेलुगू बाई. केराबाईसोबत स्टँडवर सहा वर्षं काढलेली. मान वर न करता तिनं विचारलं, "केराचा काय लिवला, म्याडम?"

"जे आहे ते लिहिलं. नवरा आहे तिला."

नरसव्वाच्या हातातला लसूण तसाच राहिला. "नवरा?"

"हो. दडवून ठेवलाय कुठंतरी. मला काय कळत नाही?"

"म्याडम," नरसव्वा म्हणाली, "तुमी एवढा शाणा बाई. तुमाला कळला नाय? नवरा नाय तिला. कदीच नवता."

"आणि चपला? शर्ट?"

"चपला जुन्या बाजारातला. शर्ट बी तितलाच. स्टँडवर मी बगितला ना. आमी दोगी निजायचा, मदी ते चपला ठेवायचा. शर्ट उशाला वाळत घालायचा. मानूस येते, वाकून बगते, चपला बगून जाते." ती बोटांवरची लसणाची टरफलं झटकत राहिली. "पयला पयला ती खरा बोलायची. एक मानूस आला, चांगला कपडा, चांगला बोलना. बाई, तुला कोन हाय का, इचारला. केरा बोलला, कोन नाय, एकटी हाय. एकदाच बोलला म्याडम. एकदाच. नंतर पंदरा दिवस सिव्हिलमदी होता."

शेकडो खोटी माणसं मी कार्डांवरून खोडली होती, आणि हे एक खोटं माणूस माझ्या नाकासमोर दोरीवर वाळत होतं तरी मला दिसलं नव्हतं. जे लपवतात तेच मी शोधत बसले होते. माझी मलाच इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

"आधी का नाही सांगितलंस मला?"

"तिचा शपत हाय. बायकांना बी सांगायचा नाय. बाई बोलते, मग मानूस ऐकते."

हॉलमधून मुंदडासाहेबांचा आवाज आला. "सात नंबर. केराबाई कोण?"

मी धावतच बाहेर आले. केराबाई टेबलासमोर उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. माझा अहवाल साहेबांच्या हातात होता.

"बाई, तुम्हाला नवरा आहे असं इथं लिहिलंय. खरं आहे का?"

केराबाईनं एकदा शिडीवर पाहिलं, एकदा दाराकडं. "हाय की."

"मग तो सांभाळत नाही तुम्हाला?"

"सांभाळत्यात तर. त्यांच्याच जिवावर तर जगलेव."

"अहो, मग ही खोली तुम्ही कशी घेतली? एखाद्या एकट्या, बिचाऱ्या बाईचा हक्क आहे तो." मुंदडासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेनचं टोपण काढलं ते जरा खेदानंच. "कोरेमॅडमचा अहवाल बरोबर आहे. रद्द करावं लागेल."

"साहेब, थांबा," मी म्हणाले.

पेन थांबलं. केराबाईनं माझ्याकडं पाहिलं. नको, असं तिचे डोळे सांगत होते. आता ते मला स्पष्ट आठवतं. तेव्हा मला फक्त ते पेन दिसत होतं.

"माझा अहवाल चुकलाय. हिला नवरा नाही. कधीच नव्हता. त्या चपला, तो शर्ट, सगळं ही लोकांना दाखवायला ठेवते. हिला कुणी म्हणजे कुणी नाही, साहेब. ही एकटी आहे."

चांगल्या खणखणीत आवाजात बोलले मी. कचेरीत सवयच होती तशी. वरचा वायरमन हातातलं काम सोडून खाली बघू लागला. दाराशी ड्रायव्हर होता, त्यानं केराबाईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. केराबाईनं पदर गळ्यापाशी आवळून धरला आणि नजर जमिनीला लावली.

"मग हे आधीच सांगायचं ना, बाई!" मुंदडासाहेब मोकळेपणानं हसले. "घाबरायचं काय त्यात? मंजूर. खोली कायम."

केराबाईनं नमस्कार केला आणि ती निघून गेली. मी मोठाच श्वास सोडला. वाटलं, वाचवलं बाई एकदाचं. त्या दुपारी मी पोटभर जेवले सुद्धा.

चार वाजता मंजुरीचा कागद द्यायला गेले तर सात नंबरचं दार सताड उघडं होतं. किल्ली कुलपातच होती. गादी घडी करून ठेवली होती, फरशी पुसलेली होती आणि खोलीत तिची एक चिंधीही राहिली नव्हती.

नरसव्वा तिच्या दारात बसली होती. "गेला," ती म्हणाली. "बोलला, आता समद्यांना कळला. ते शिडीवालाला कळला, गाडीवालाला कळला. सांजपर्यंत नाक्यावर जाते ते बात. कडी लावून काय करू, बोलला. कडी मोडते."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून मोकळं होण्यासारखं ते नव्हतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या ड्रायव्हरची नजर पाहिली होती आणि तरीही पोटभर जेवले होते.

रविवारी मी खानावळीत गेले. आली नव्हती. "नवरा न्हाई म्हणं तिला," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला आणि हसला. ते हसू काही मला आवडलं नाही. सोमवारी मी बाजारातल्या देवळांच्या पायऱ्या धुंडाळल्या, रेल्वे स्टेशन पाहिलं. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला ती मला स्टँडवर दिसली. जिथून सर्व्हेवाल्या पोरीनं तिला आणलं होतं तिथं नव्हे. पार टोकाला, बार्शीच्या गाड्या लागतात त्या फलाटावर, जिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. गाठोड्याला पाठ लावून बसली होती. तीन दिवसांत गाल आत गेले होते. कुंकू मात्र ताजं होतं आणि नेहमीपेक्षा मोठं.

बाजूच्या बाकावर तिघं बसले होते. एक पेरूवाला, एक हमाल, आणि एक नुसताच बसलेला. तो नुसताच बसलेला पुढं झुकून तिला विचारत होता, "कुठं जायचं, मावशी? एकटीच हाय का?"

"न्हाई," केराबाई चढ्या आवाजात म्हणाली. "मालक यायलेत. तिकीट काढाय गेल्यात."

"केराबाई," मी हाक मारली.

तिनं वर पाहिलं. ओळख दाखवली नाही. "कोन तुमी? मी न्हाई वळकत." आणि तोंड फिरवून बसली.

त्या तिघांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत आले होते. चुकलं, परत चला, मंजुरी आलीये, वगैरे. त्यातलं एक जरी इथं उच्चारलं असतं तर मी तिला दुसऱ्यांदा उघड्यावर आणलं असतं. उभ्या जन्मात मी कागदावर किंवा तोंडी खोटं बोलले नव्हते. मी घसा साफ केला आणि माझा तोच कचेरीतला आवाज काढला.

"अहो, असं काय करता? तुमच्या मालकांनीच पाठवलंय मला."

केराबाईचं तोंड हळूच माझ्याकडं वळलं.

"नाक्यावर गाठ पडली आत्ता," मी म्हणाले. "गाडीत डिझेल भरत होते."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मी किती खोलात उतरायला तयार आहे, ते ती जोखत होती. मग तिनं विचारलं, "कुठली गाडी?"

"सुरतेची. माल उतरवून आलेत. दुपारपर्यंत शहरातच आहेत म्हणाले."

पुढं झुकलेला माणूस मागं सरकून बसला. हमालानं विडी पेटवली आणि दुसरीकडं बघू लागला.

"काय म्हणालं?"

"म्हणाले, तिला घरी न्या. खोली तिची आहे. तिला कुणी काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

"आसं म्हणालं?"

"असंच म्हणाले. चांगलेच चिडले होते."

केराबाईनं पदर सारखा केला. "माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज एकदम बारीक झाला, तो मी पुन्हा ओढून वर आणला. "माझ्यावर."

बार्शीची गाडी फलाटाला लागली. लोक उठले, धक्काबुक्की झाली, आमच्या दोघींच्या मधून चारपाच माणसं गेली. ती बाजूला झाली तेव्हा केराबाई उभी होती.

"लई बोललं का?"

"लई बोलले."

"बोलणारच," केराबाई म्हणाली. "चूकच तशी हुती."

मग तिनं वाकून गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.